मे महिन्यातले लोणी

आयर्लंडमध्ये अकरा वर्षे डॉक्टरकी करून आमची ताई गेल्या वर्षी कायमची पुण्यास परतली, तेव्हा तिच्या सामानातून, लोकरीच्या मफलरीत जपून गुंडाळलेला, लव्हाळ्याचा एक क्रूस निघाला. वीतभर लांबीच्या चार भुजा, मध्यभागी तिरप्या विणीचा चौकोन आणि प्रत्येक भुजेच्या टोकाशी दोऱ्याची एक गाठ, एवढीच ती वस्तू. परंतु हातात घेऊन न्याहाळल्यावर ध्यानात आले की, तिच्यात खिळा, तार किंवा डिंक यांपैकी काहीही नाही. एक काडी उभी धरावयाची, दुसरी मधोमध दुमडून तिच्यावर चढवावयाची, सगळे पाव वळण फिरवावयाचे, मग तिसरी दुमडून दुसरीवर चढवावयाची, आणि असे फिरवीत फिरवीत गेले की, दुमडींच्या परस्पर ताणावरच तो चौकोन तग धरून राहतो. ही लव्हाळी विळ्याने कापावयाची नसतात, हाताने उपटावयाची असतात. आणि ती 31 जानेवारीस, म्हणजे संत ब्रिजिटच्या सणाच्या पूर्वसंध्येस, घरात आणावयाची असतात. असा क्रूस दारावर किंवा आढ्याशी लावला म्हणजे वर्षभर घरास आगीचे भय राहत नाही, अशी तिकडची समजूत. दरसाल नवा क्रूस लावावयाचा, पण जुना काढून टाकावयाचा नाही. त्यामुळे जुन्या घरांच्या छपराखाली त्यांच्या रांगाच्या रांगा साठलेल्या असत.

आमचे काका निवृत्त मामलेदार. वय ब्याऐंशी. उमेदीची सारी वर्षे कूळकायद्याच्या कज्ज्यांत गेलेली, आणि निवृत्तीनंतर देशोदेशीच्या जमीनधाऱ्यांचा इतिहास हा त्यांच्या वाचनाचा विषय झालेला. त्यांनी क्रूस चष्म्याजवळ नेऊन उलटसुलट पाहिला, आणि त्यांच्यात व ताईत जो संवाद सुरू झाला तो दिवेलागणीपर्यंत चालला. तो मी त्याच रात्री, आठवेल तसा, उतरवून ठेवला.

काका : या ब्रिजिटचा दिवस 1 फेब्रुवारी. पुढे 1 मे, 1 ऑगस्ट आणि 1 नोव्हेंबर. जुन्या आयरिश वर्षाचे हे चार खांब. त्यांपैकी शेवटच्या तिहींची ब्याल्टिना, लूनसा आणि साउन ही नावे आयरिश भाषेत आजही त्या त्या महिन्यांची नावे म्हणून चालतात. आता माझ्यासारख्या महसूल खात्यातल्या माणसाची नजर सणांच्या आधी हप्त्यांच्या तारखांकडे जाते. तिकडची कुळे जमीनदारास खंड सहामाहीने भरीत, आणि पुष्कळ ठिकाणी त्या दोन हप्त्यांच्या मुदती 1 मे आणि 1 नोव्हेंबर याच होत्या. गडीमाणसांचे करार तेव्हाच सुटत नि तेव्हाच बांधले जात, चराऊ राने तेव्हाच धरली जात. आणि अंधश्रद्धांचा सर्वांत दाट गराडा कोणत्या दोन दिवसांभोवती आहे म्हणशील, तर याच दोन दिवसांभोवती. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही.

ताई : काका, तारखा जुळल्या म्हणजे कारण सापडले असे होत नाही; आम्ही वैद्यकात हे पहिल्याच वर्षी शिकतो. खंड आणि जमीनदार हे सगळे अलीकडचे. गुरांना दोन अग्नींमधून हाकीत नेण्याचा उल्लेख इसवी सनाच्या 900 च्या सुमारास रचलेल्या कॉर्मॅकच्या शब्दकोशात आहे. म्हाताऱ्या बायका सशाचे रूप घेऊन गाईंना पितात ही समजूत बाराव्या शतकात जेराल्ड ऑफ वेल्सने टिपून ठेविली आहे. म्हणजे भय आधीचे, तुमचा खंड नंतरचा.

काका : बीज जुने आहे, हे कबूल. पण बीज हजार वर्षे कोठारात पडून राहिले तर कुजते. ते दरसाल पेरले कोणी, हा माझा प्रश्न आहे. आता मे महिन्याचे पाहा. पहिल्या तारखेस घरातून विस्तव बाहेर जाऊ द्यावयाचा नाही, शेजाऱ्याने चिलीम पेटविण्यापुरता मागितला तरी नाही; दूध द्यावयाचे नाही, मीठ द्यावयाचे नाही, चुलीतली राखसुद्धा उकिरड्यावर टाकावयाची नाही. गावात सर्वांच्या आधी ज्याच्या धुराड्यातून धूर निघाला त्याचे वर्ष धोक्यात, म्हणून जो तो चूल पेटविण्यास कचरणार. पहाटे विहिरीचे पहिले पाणी दुसऱ्याने नेऊ नये म्हणून राखण बसावयाची. उंबऱ्यावर पिवळी फुले अंथरावयाची, घुसळखांबास रोवन झाडाची डहाळी बांधावयाची, आणि घुसळण चालू असता कोणी आत आला तर त्याने देवाचे नाव घेऊन दोन हात मारल्याशिवाय जावयाचे नाही. हे सर्व कशासाठी? तर कोणी लोणी चोरून नेऊ नये यासाठी. मडक्यातले लोणी कोणी उचलून नेईल असे हे भय नव्हते. दुधातून लोणी निघण्याचे दैवच शेजारीण पळवून नेईल, हे भय होते. पहाटेच्या दवातून फडके ओढीत, सगळे माझ्याकडे ये असे पुटपुटत जाणारी बाई दिसली की, वर्षभर घुसळले तरी नुसता फेस, असे लोक मानीत.

ताई : हे मी ऐकले आहे. माझ्या एका वृद्ध रुग्णबाईने, जिने हा क्रूस मला दिला तिनेच, आपल्या आजीचा मे महिन्यातला धसका मला सांगितला होता. पण त्या भयाचा तुमच्या हप्त्याशी संबंध काय?

काका : लोण्यानेच हप्ता फिटत असे, हा संबंध. मन्स्टर प्रांतातले कूळ खात असे बटाटा, आणि विकीत असे लोणी. कॉर्क शहरात 1770 मध्ये लोण्याची पेठ स्थापन झाली. पुढे एकोणिसाव्या शतकात ती जगातली सर्वांत मोठी लोण्याची पेठ ठरली. खेड्यापाड्यांतून लाकडी पिंपे भरून तेथे जात, तपासनीस पिंपात सळई घालून नमुना काढी, प्रत ठरवी आणि पिंपावर तिचा शिक्का मारी. त्या शिक्क्यावर कुळाच्या वर्षाचा निकाल. गाय मे महिन्यात कुरणावर जाणार, तिथून पुढच्या चार-सहा महिन्यांत जे काय लोणी निघेल त्यातून नोव्हेंबरचा खंड. दूध नासले, गाय आटली, भांडे नीट धुतले गेले नाही, हवा तापली, कारण काहीही असो. खंड थकला की तगादा, आणि तगाद्यामागून बेदखली. जंतूंचे शास्त्र कोणास ठाऊक नव्हते. परंतु आपले सर्वस्व एका मडक्यात आहे, हे मात्र प्रत्येक घरधनिणीस ठाऊक होते. म्हणून मी म्हणतो, ज्या वस्तूवर छप्पर टिकून आहे तिच्याभोवतीच माणूस भुतांचा पहारा बसवितो. तांदळावर नाही बसविला, कारण त्यांचा तांदूळ नव्हता.

येथे काकांनी चहाचा पेला बाजूला सारला. आपले म्हणणे ताईस पटत आहे असे त्यांस वाटले असावे, कारण ते आपण होऊनच पुढच्या महिन्यांकडे वळले.

काका : मार्चच्या अखेरची ती करड्या-पट्टेरी गाईची कथा तू ऐकलीच असशील. मार्च संपला आणि त्या म्हाताऱ्या गाईने फुशारकी मारली की, या मेल्या मार्चने माझे काही वाकडे केले नाही. मार्चला राग आला. त्याने एप्रिलकडून तीन दिवस उसने घेतले आणि त्या तीन दिवसांच्या गारठ्यात गाईचा प्राण घेतला. आजही एप्रिलच्या आरंभी थंडी परतली की, ते गाईचे दिवस म्हणून ओळखले जातात. कथा मुलांची आहे. पण तिच्यामागे पाहा. वसंताच्या तोंडाशी वैरण संपलेली असे, गुरे इतकी खंगत की बसलेली गाय उठविण्यास दोघाचौघांनी हात लावावा लागे. हिवाळा सरला असे मानून जो निर्धास्त झाला त्याची गाय मेली, हा अनुभव त्या कथेत साठविला आहे. तसाच जुलै. जुने बटाटे संपलेले, नवे तयार नाहीत. त्या महिन्याला ते कोबीचा जुलै म्हणत, कारण पोटात घालावयास दुसरे काही नसे. लूनसाच्या आधी बटाटा उपटणे अशुभ, आणि त्या सणास पहिला बटाटा घरात आला की मोठा आनंद. जुलैच्या शेवटच्या रविवारी क्रोह पॅट्रिकच्या डोंगरावर हजारो लोक चढतात, कित्येक अनवाणी. मॉयर मॅकनील नावाच्या विदुषीने या एकाच सणावर 1962 मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला, तो मी अर्धा वाचला आहे. भूक सरल्याचा तो सण आहे.

ताई : भूक सरल्याचा सण मला मान्य. पुष्कळ गोष्टी मला मान्य आहेत, काका. साउननंतर रानातल्या काळ्या बेरी खाऊ नयेत, कारण पूका नावाचे भूत त्यांवर थुंकून जाते, असे ते मुलांना सांगत. नोव्हेंबरच्या दहिवरात त्या बेरी नासतातच, तेव्हा त्या थुंकीने एखाद्या मुलाचे पोट वाचलेही असेल. नाताळच्या रात्री घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या हाताने खिडकीत मेणबत्ती लावावयाची, वाट चुकलेल्या मेरी आणि जोसेफना दिसावी म्हणून. 6 जानेवारीस घरातल्या बायकांनी हात जोडून स्वस्थ बसावयाचे आणि पुरुषांनी चूल सांभाळावयाची, म्हणून त्या दिवसास बायकांचा नाताळ असे नाव. आणि सर्व मृतात्म्यांच्या रात्री, 2 नोव्हेंबरच्या सुमारास, दाराची कडी न लावता, चूल विझू न देता, ओट्यावर झऱ्याच्या पाण्याचे भांडे ठेवून घरचे लोक लवकर निजत, की घरातली गेलेली माणसे येतील, ऊब घेतील, पाणी पितील. हे मला त्या बाईने सांगितले तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता. मला त्यात अंधश्रद्धा दिसली नाही. पण तुमचा हिशेब जमेची बाजू दाखवितो आणि खर्चाची झाकून ठेवितो. लोणी गेले, असे ठरल्यावर चोर कोण ठरत असे, ते सांगा.

काका : शेजारीण.

ताई : कोणती शेजारीण? भरल्या गोठ्याची, चार मुलगे असलेली नव्हे. एकटी, म्हातारी, बहुधा विधवा, जिच्याकडे एखादीच गाय असून तिच्या मानाने लोणी थोडे अधिक निघते, अशी. ससा गाईस पीत होता, त्यास गोळी मारली, तो पळाला, मागोमाग झोपडीत शिरावे तो म्हातारीची मांडी रक्ताळलेली, ही कथा आयर्लंडभर सांगितली जाते. आणि प्रत्येक गावात सांगणारास त्या म्हातारीचे घर दाखविता येत असे. खंडाचा तगादा जमीनदाराने लावावा आणि त्याचा वचपा गावाने म्हातारीवर काढावा, यात तुमचे अर्थशास्त्र बरोबर बसते, पण त्या बाईचे काय? तसेच लग्नाचे. उपवासाच्या चाळीस दिवसांत विवाह होत नसत, म्हणून त्याआधी ज्यांचे जुळले नाही त्यांच्या पाठीवर, उपवासाच्या पहिल्या रविवारी, चर्चला जाताना खडूच्या रेघा ओढीत. त्या दिवसाचे नावच खडूचा रविवार. कॉर्क आणि केरीकडे त्यांची नावे गुंफून टवाळीच्या कविता भिंतींवर लावीत, की आता जा स्केलिग बेटावर, तिथे उपवास उशिरा लागतो. हुंड्यापायी जिचे लग्न अडले आहे अशा मुलीने ती खडूची रेघ अंगावर घेऊन सबंध गावातून घरी जावयाचे. यात कोणते छप्पर टिकत होते?

काका : लग्नही तिथे जमिनीचाच व्यवहार होता...

ताई : थांबा, मला पुरते बोलू द्या. मी टिपरेरी काउंटीत दोन वर्षे काम केले. तिथे बॅलीवॅडली म्हणून एक खेडे आहे. 1895 च्या मार्चमध्ये तिथली ब्रिजिट क्लिअरी ही सव्वीस वर्षांची बाई आजारी पडली. ताप आणि डोकेदुखी. डॉक्टरास निरोपामागून निरोप गेले, तो लवकर आला नाही. ती बरी दिसेना तेव्हा तिचा नवरा मायकेल, धंद्याने पिंपे करणारा, वाचता-लिहिता येणारा माणूस, म्हणू लागला की ही माझी बायको नव्हे. परीलोकीच्या लोकांनी तिला नेले आणि तिच्या जागी हे दुसरे ठेविले. काढे तोंड उघडून पाजले, तिला धरून चुलीवर नेले, आणि देवाची शपथ घेऊन तू कोण, तू कोण, असे तिचे नाव तिलाच पुनःपुन्हा विचारले. तिचा बाप, नात्यातले भाऊ, शेजारी तिथे होते. 15 मार्चच्या रात्री नवऱ्याने तिला जाळले. 22 मार्चला प्रेत उथळ खड्ड्यात सापडले. मधले दिवस तो हातात सुरी घेऊन जवळच्या जुन्या गढीच्या टेकाडावर बसत होता, की ती पांढऱ्या घोड्यावरून येईल आणि आपण तिला सोडवू. सदोष मनुष्यवधाबद्दल त्याला वीस वर्षांची सजा झाली, 1910 मध्ये तो सुटला. तिला पुरावयास गावाचे कोणी आले नाही, पोलिसांनीच पुरले. आता आपला हप्त्याचा तक्ता उघडा आणि ती त्यात कोठे बसते ते दाखवा.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. क्रूस त्यांच्या मांडीवर तसाच होता.

काका : बसत नाही. एवढेच आठवते की, त्या खटल्याचा फायदा घेऊन, असल्या लोकांना स्वराज्य कसले देता, असे त्या वेळच्या काही वर्तमानपत्रांनी लिहिले. परक्या सत्तेस आपल्या अंधश्रद्धा फार उपयोगी पडतात. पण ते त्या मुलीच्या मरणाचे उत्तर नव्हे, हे मला समजते.

ताई : ती बसते, काका, पण तुम्ही लावलेल्या रकान्यात नाही. ती शिवणकाम करी, तिचे स्वतःचे शिवणयंत्र होते, कोंबड्या होत्या, अंडी विकून तिच्या हाती तिचा पैसा येत असे. मूलबाळ नव्हते. कोणाची मिंधी नसलेली बाई. लोणी अधिक निघणारी म्हातारी आणि हातात पैसा असलेली तरुणी, दोघींवरचा आळ एकच आहे: ही आपल्यातली नव्हे.

काका : म्हणजे तगादा कोणी लावला एवढेच मी वाचले, आणि वसूल कोणाकडून झाला ते वाचावयाचे राहिले. मामलेदाराकडून ही चूक व्हावयास नको होती.

हे ते अतिशय गांभीर्याने म्हणाले, आणि ताईचा स्वर त्यानंतर उतरला. मीही मधे पडून विचारले की, मग तिने हा क्रूस एवढ्या दूरवर जपून का आणला.

ताई : कारण देणारी बाई माझी होती. ती रुग्णालयात आली तेव्हा तिच्या उशीखाली एक फडके होते. ब्रिजिटच्या आदल्या रात्री बाहेर कुंपणावर ठेवून, दवात भिजवून घेतलेले. डोके दुखले की ती ते कपाळावर बांधी. परिचारिका विचारू लागल्या की ते काढून टाकावे काय. मी म्हटले, गोळी घेतली आहे ना, मग फडके राहू द्या. माझी कसोटी एवढीच आहे: चाल औषधाच्या शेजारी बसते की औषधाच्या जागी बसते, आणि तिची किंमत कोणाच्या अंगातून वसूल होते. 11 नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणास कोंबड्याचे रक्त उंबऱ्यावर शिंपडीत आणि त्या दिवशी चाक फिरू देत नसत, चरखा नाही, जाते नाही, गाडी नाही. चरख्यावर बसणाऱ्या बाईस तेवढीच एक दिवसाची विश्रांती. नाताळच्या दुसऱ्या दिवशी रेन नावाच्या चिमण्या पक्ष्याला मारून काठीवर मिरवीत. आता खोटा पक्षी मिरवितात, ढोल-बासरी तीच, आणि कोणाचे काही बिघडले नाही. चाल बदलता येते, हे तिथल्या लोकांनीच दाखविले आहे.

काका : आणि कधी कधी चाल टिकल्यानेही भले होते. क्लेअर काउंटीत लाटून येथे नवा हमरस्ता जावयाचा होता, वाटेत काटेरी झाडाचे एकटे झुडूप. परीलोकांचे ते ठिकाण आहे, तोडाल तर अपघात होतील, असे एडी लेनिहन या कथाकाराने 1999 मध्ये जाहीर सांगितले, वर्तमानपत्रांत लिहिले, आणि रस्त्याची आखणी बदलून ते झाड राखले गेले.

ताई : झाड राखले हे उत्तमच झाले. त्या झाडाच्या बाजूने बोलणारा एक माणूस उभा राहिला. 1895 मध्ये बॅलीवॅडलीच्या त्या घरात नऊ-दहा माणसे होती, त्यांतला एक उभा राहिला असता तर पुरे होते.

संध्याकाळ झाली होती. बोलता बोलता ताईने सांगितले की, 2023 पासून ब्रिजिटच्या सणास आयर्लंडमध्ये सार्वजनिक सुट्टी मिळू लागली, आणि ती पहिली सुट्टी आली तेव्हा पंतप्रधानपदी लिओ वराडकर होते, ज्यांच्या वडिलांच्या घराण्याचे मूळ गाव मालवणजवळचे वराड. शाळांतून मुले आता लव्हाळ्याचे क्रूस वळतात. काकांना शाळांचा उल्लेख ऐकून आणखी एक गोष्ट आठवली, आणि माझ्या मते त्या संध्याकाळचा निवाडा त्या गोष्टीत होता.

तो निवाडा असा. 1935 मध्ये स्वतंत्र आयर्लंडच्या सरकारने लोकसाहित्य आयोग नेमला. शेमस ओ डूलर्गा हे त्याचे संचालक. 1937 ते 1939 या काळात त्या आयोगाने प्राथमिक शाळांच्या वरच्या वर्गांतील मुलांना निबंधाऐवजी एक काम दिले: घरी जा, आजी-आजोबांना, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा, आणि ते सांगतील ते वहीत लिहून आणा. सुमारे 5,000 शाळा आणि 50,000 हून अधिक मुले या कामास लागली. वह्या आणि त्यांवरून केलेल्या प्रती मिळून सुमारे 7 लाख 40 हजार पाने झाली. शाईने, शाळकरी वळणाच्या अक्षरात, मुलाने आपले नाव लिहावयाचे, सांगणाराचे नाव, वय आणि गाव लिहावयाचे, आणि मग मजकूर. खरे की खोटे, चांगले की वाईट, असे मुलास कोणी विचारले नाही. त्यामुळे मृतात्म्यांसाठी ठेविलेले पाण्याचे भांडे त्या वह्यांत आहे, आणि रक्ताळलेल्या मांडीची म्हातारीही आहे. या दोहोंपैकी कोणतीही जबानी गाळलेली नाही. काकांना ज्या हिशेबाची ओढ आहे तो तिथे आहे, आणि ताईला जो खर्च दाखवावयाचा आहे तोही त्याच पानांवर आहे. फक्त दोन्ही वाचावयास हवेत. माझा कौल या बाबतीत ताईकडे झुकतो, हे मी लपवीत नाही: भयाची कारणे समजून घेणे हे विद्वत्तेचे काम आहे, पण ते भय कोणाच्या दारात नेऊन सोडले गेले हे विचारणे आधीचे काम आहे.

या वह्या आज डब्लिनच्या विद्यापीठात सुरक्षित आहेत. आयोगाचा सबंध संग्रह 2017 मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतींच्या यादीत दाखल झाला, आणि शाळकरी वह्यांची पाने दुखस नावाच्या संकेतस्थळावर कोणासही घरबसल्या, विनामूल्य, वाचावयास मिळतात. वाचकांनी ती उघडावी, आणि उघडताना मे महिन्यापासून आरंभ करावा.